दुसऱ्याच्या घरातले मूल

मूल वाढवणे हा विद्यापीठात जाऊन शिकायचा विषय आहे, असे म्हटले की आमच्याकडची वडीलधारी माणसे हसतात. त्या हसण्यात उपहास थोडा आणि अचंबा अधिक असतो. जिने सात बाळंतपणे केली, दोन मुले मातीआड केली आणि पाच मार्गाला लावली, तिला एखादी वीस वर्षांची अविवाहित मुलगी सांगू लागली की मी बालविकास आणि कुटुंब या विषयाची पदवी घेते आहे, तर तिने हसू नये तर काय करावे? ज्याला पोहता येते त्याला पाण्याचे शास्त्र कशाला हवे, असा तो साधा हिशेब आहे.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. बालवर्गातल्या मुलांनी जे शिकवले तेवढेच मला येते. तेव्हा विद्यापीठाची वकिली करण्याचा अधिकार मला नाही. आणि तरीही हा हिशेब मला पटत नाही. वाढवणे आणि जाणणे या दोन गोष्टी त्यात एक झाल्या आहेत. आजीला तिच्या सातही मुलांचे सारे ठाऊक असते. कोण झोपेत दात खात असे, कोणाला डाळीचे पाणी पचत नसे. परंतु शेजारणीचे मूल अडीच वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा ती म्हणते, बोलेल, आमचा धाकटाही उशिरा बोलला. बहुधा ते मूल बोलतेच. एखादे बोलत नाही. त्याला ऐकूच येत नसते, आणि ते कळेपर्यंत मोलाची वर्षे निघून गेलेली असतात. मूल केव्हा मान धरते, केव्हा बसते, केव्हा चालते याची मापे आपण पुष्कळ दिवस परदेशी पुस्तकांतून घेत होतो. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी आपल्याकडची एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंतची बाळे तपासून आपली मापे बांधली. हे काम कोणा एका आजीच्या आठवणीतून झाले नसते.

म्हणून हा विषय असावा की नसावा, हा वाद मी संपला असे मानते. तो पुष्कळ पूर्वीच संपला आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका पडली, तिने त्यांच्या मनात घर केले, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. मातृभाषेतून शिक्षण आणि अभ्यासक्रमात गृहजीवनाला स्थान, ही त्याची दोन वैशिष्ट्ये. पुढे १९४९ मध्ये बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, आणि आरंभीच्या काळातच तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. आज तेथल्या विभागाच्या नावात मानवविकास आणि कुटुंब हे दोन्ही शब्द आहेत, आणि विभागाला जोडून चेतन बालवाडी आहे. आमच्या खानदेशातून तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने जळगाव, अमळनेर, नंदुरबार करीत सुरतेला आणि तेथून बडोद्याला एखादी पोर दिवसाभरात पोचते. ज्या महाराजांचे नाव त्या विद्यापीठाला आहे ते मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे धुळ्याकडच्या माणसाला जवळजवळ शेजारचेच. १८७५ साली बारा वर्षांच्या त्या शेतकऱ्याच्या पोराला राजवाड्यात दत्तक नेले. तो मोठा राजा झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. कवळाण्याच्या घराला त्या दिवशी काय वाटले असेल, हा प्रश्न कुटुंबाच्या अभ्यासातला आहे, आणि तो फारसा कोणी विचारलेला माझ्या वाचनात नाही.

माझ्या मनात घोळणारा प्रश्न याच्या पुढचा आहे. दुसऱ्याच्या घरातले मूल आपण कोणत्या हक्काने पाहतो?

माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी. घर धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात, बाप कोरडवाहू कापसाचा धनी. ती एका सरकारी विद्यापीठात हाच विषय शिकायला गेली. तिला एक काम नेमून दिले होते: दीड-दोन वर्षांचे एक मूल निवडावे, त्याच्या घरी तासभर बसावे, दर पाच मिनिटांनी मूल काय करते आणि आई काय करते ते लिहावे. मध्ये बोलू नये, मुलाला हात लावू नये, आपण तेथे नाहीच असे राहावे. तिने सुटीत आपल्या भावाचेच घर निवडले. वहिनीने पोळ्या लाटता लाटता विचारले, “कसाले लिखी राहिनी वं बाई?” हिने उत्तर दिले नाही, बोलायचे नव्हते. नणंद घरात येऊन तोंड मिटून बसली आहे आणि आपल्याकडे पाहून काही लिहिते आहे, यापेक्षा अवघड प्रसंग कोणत्या सुनेवर येणार? तासाच्या मध्यावर पोरगे दुडदुडत चुलीकडे गेले आणि त्याने वरणाच्या पातेल्याला हात घातला. वहिनीची पाठ होती. हिने वही टाकली आणि पोराला उचलले.

वहीत बारा चौकटी होत्या. सातवी कोरी राहिली. तिच्या अध्यापिकेने त्या चौकटीसमोर लाल शाईने एवढेच लिहिले, “येथे काय घडले?” ती वही घेऊन ती माझ्याकडे आली. या प्रश्नाचे उत्तर लिहावे की त्याला उत्तर म्हणून चौकट कोरीच ठेवावी, असे तिने विचारले.

तिने केले ते योग्यच केले, हे सांगायला कोणी तत्त्वज्ञ नको. पण चूल हे सोपे उदाहरण आहे. त्याच तासात वहिनीने पोराच्या पाठीत एक धपाटा घातला असता तर? थोरल्या मुलीच्या वाटीत ताक आणि मुलाच्या वाटीत दूध पडले असते तर? पोर रडते म्हणून आईने त्याच्या हाती मोबाइल दिला असता तर? यांतल्या कोणत्या वेळी वही खाली ठेवायची? प्रत्येक वेळी ठेवली तर वहीत काहीच उरणार नाही, आणि घर जसे आहे तसे कधीच कळणार नाही. एकदाही ठेवली नाही तर जे उरेल ते ज्ञान असेल, परंतु ते लिहिणाऱ्याविषयी आपण काय म्हणू? मध्ये पडू नये हा नियम निःपक्षपाती दिसतो. वस्तुतः घरात जे चालले आहे ते चालू द्यावे, असा निर्णय त्यात आधीच घेतलेला असतो.

हा पेच त्या मुलीपासून सुरू झालेला नाही. डार्विनने आपल्या पहिल्या मुलाच्या वाढीच्या नोंदी ठेवल्या आणि १८७७ साली त्या प्रसिद्ध केल्या. तो मुलगा तोवर चांगला कर्ता पुरुष झाला होता. जीन पियाजेने आपल्या तीन मुलांच्या खेळण्या-बोलण्यावरून बुद्धीच्या वाढीचे शास्त्र रचले. हे दोघेही बाप होते. वही टाकून मुलाला उचलण्याची वेळ आली असती तर त्यांना कोणाची परवानगी लागली नसती. अमेरिकेत १९२० मध्ये जॉन वॉटसन यांनी ज्या बाळाला पांढरा उंदीर दाखवून त्याच वेळी मागे लोखंडी कांब ठणठणवली, ते बाळ मात्र त्यांचे नव्हते. भीती शिकवता येते हे त्यांना सिद्ध करायचे होते, आणि ते त्यांनी केले. शिकवलेली भीती परत काढून न घेताच ते बाळ इस्पितळातून गेले. त्याची आई त्याच इस्पितळात दुसऱ्यांच्या बाळांना अंगावर पाजण्याची नोकरी करीत होती. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुढचे पान उलटण्याआधी थोडा वेळ थांबले. एका श्रीमंत बापाचे मूल त्या खोलीत आले असते काय?

आपल्याकडे असे क्रूर प्रयोग कोणी करीत नाही. परंतु कोणाचे मूल पाहिले जाते, हा प्रश्न येथेही उरतो. विद्यार्थिनी पाहणीसाठी वस्तीत जातात, पाड्यावर जातात, शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला जातात. जळगावच्या एखाद्या सराफाच्या बंगल्यात जाऊन आई मुलाशी किती बोलते याच्या नोंदी घेतल्याचे मी ऐकले नाही. कारण सांगितले जाते की गरज तेथे अधिक आहे. हे खरे आहे. दुसरे कारण कोणी सांगत नाही: तेथे दार उघडे असते. बंगल्याला फाटक असते, फाटकावर माणूस असतो, आणि आत गेल्यावरही “आज जमणार नाही” असे म्हणण्याची सवय असते. वस्तीतल्या बाईला तसे म्हणण्याची सवय नसते; आलेल्याला ती चहा ठेवते.

घराचा अभ्यास करणाऱ्यांवर घरे रागावतात, हे धुळ्याला नवे नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. विवाहसंस्था आज दिसते तशी सनातन काळापासून नव्हती, असे त्यांनी लिहिले तेव्हा केवढा गदारोळ झाला! खरे तर त्यांनी मेलेल्यांची घरे तपासली होती, आणि मेलेले दार लावून घेत नाहीत. तरुणपणी पत्नी गेल्यावर पुन्हा संसार न करता स्वतःच्या हाताने रांधून जेवणाऱ्या या माणसाने कुटुंबाच्या इतिहासाला हात घालावा, हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. कदाचित ज्याला घर नाही त्यालाच ते इतके लांबून दिसत असेल.

लांबून पाहण्यात मात्र एक धोका असतो. पाहणीच्या छापील तक्त्यात एक ओळ असते: बालकाचा मुख्य सांभाळ कोण करते? पुढे एकच रिकामी जागा. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या खेड्यातली आई दिवस उगवताच शेतात असते. पोराला आजी जेवू घालते, आठ वर्षांची बहीण कडेवर घेऊन गावभर फिरवते, आणि ज्या काकूचे स्वतःचे मूल अंगावर पिते ती वेळप्रसंगी यालाही पदराखाली घेते. एका आजीला हा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, “कोन म्हंजे? घर करस.” घर करते. त्या रिकाम्या जागेत ‘घर’ लिहिण्याची सोय नव्हती.

मेरी एन्सवर्थ या विदुषीने आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाळांचे आईशी असलेले नाते तपासले. वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत न्यायचे, आई थोडा वेळ बाहेर जाते, अनोळखी बाई आत येते, आई परत येते; या साऱ्याला सुमारे वीस मिनिटे लागतात. आई परतल्यावर बाळ कसे वागते यावरून नाते सुरक्षित की असुरक्षित ते ठरते. कसोटी हुशारीची आहे, तिच्यामुळे कितीतरी गोष्टी कळल्या. परंतु जपानमध्ये, आईपासून क्षणभरही दूर राहण्याची सवय नसलेली बाळे त्या खोलीत अधिक व्याकूळ झालेली दिसली, आणि नाते बिघडले आहे की खोलीच परकी आहे, असा प्रश्न उभा राहिला. चार मांड्यांवर वाढलेले आमचे पोर आई बाहेर गेली तर मान वळवून पुन्हा खेळू लागेल. त्याचे वागणे ‘आईला टाळणारे’ म्हणून नोंदले जाणारच नाही, याची खात्री कोण देईल?

येथवर वाचून कोणी म्हणेल, बाईंचे मत स्पष्ट आहे: घराला घरच ओळखते, बाहेरच्याने नाक खुपसू नये. माझे मत तसे नाही, आणि त्याचे कारण माझ्याच जिल्ह्यात आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी तो आकडा ८८० होता. केळीच्या बागांचा, सोन्याच्या पेढ्यांचा, शिकलेला, सुधारलेला हा जिल्हा. यातल्या कोणत्याही घरी जाऊन विचारले असते तर प्रत्येकाने सांगितले असते, आम्हाला मुलगा-मुलगी सारखीच. प्रत्येक घर स्वतःपुरते भले असते. बेरीज केली की भलेपणा कोठेतरी हरवतो. ही बेरीज आतल्या माणसाला करता येत नाही. मायेने भरलेल्या घरातही मुलीची वाटी अर्धी राहते, आणि ती अर्धी आहे हे दिसायला बाहेरून आलेला डोळा लागतो, तोही न बोलता पाहणारा. कादंबऱ्या लिहिणाऱ्या आम्ही लोकांनी या हजारातल्या कमी पडलेल्या मुलींविषयी किती लिहिले? त्या जन्मल्याच नाहीत, म्हणून त्या आमची पात्रे झाल्या नाहीत. त्या फक्त त्या आकड्यातच दिसल्या.

तेव्हा पाहिले तर पाहिजेच. मग पाहणाऱ्याने घराला काय देणे लागते? नियमांचे उत्तर आहे: संमती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये मुलांवरील संशोधनासाठी नैतिक सूचना काढल्या. पालकांची परवानगी तर हवीच, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा, असे त्यांत आहे. चांगले आहे. ते वॉटसनच्या काळी असते तर बरे झाले असते. पण संमतीची सही पाहण्याच्या आधी घेतात. काय दिसणार आहे हे तेव्हा बाईलाही ठाऊक नसते आणि मुलीलाही नसते. न वाचलेल्या पानावरची ती सही आहे.

माझी कसोटी निराळी आणि थोडी गावठी आहे. जे लिहिले ते त्या आईला, तिच्या भाषेत, तिच्यासमोर बसून वाचून दाखवता येईल काय? तिने ते मान्य केले पाहिजे असे माझे म्हणणे नाही. ती रागावेल, भांडेल, वही हिसकावून घेईल. तो तिचा हक्क आहे. ८४२ हा आकडासुद्धा ज्या घरांतून आला त्या घरांना ऐकवला गेला पाहिजे, आणि घरांनी त्यावर रागावले पाहिजे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव दिले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अशा बाईच्या नावाने पदव्या देणाऱ्या मुलखात, न वाचता येणाऱ्या आईला तिच्याच मुलाविषयीचे दोन पानांचे लिखाण ऐकवणे अवघड वाटू नये.

अंगणवाडीच्या ताईला ही कसोटी रोजची आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून ती मुलांची वजने घेते. एखाद्या मुलाचे वजन तक्त्याच्या लाल पट्ट्यात गेले की ते तिला त्याच्या आईला सांगावे लागते. आणि दुसऱ्या दिवशी त्याच आईशेजारी पाण्याला उभे राहावे लागते. तिला लाल खूण करताना हात जड होतो, कधी ती हलकेच पिवळ्यातही करते; शास्त्राच्या दृष्टीने हा दोष आहे. पण तिचे पाहणे कोणाला तरी उत्तर देणारे पाहणे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला गेल्या त्या तेथेच राहिल्या. पोरांना आधी आंघोळ घातली, मग त्यांच्याविषयी लिहिले. प्रत्येक विद्यार्थिनीने जन्मभर पाड्यावर राहावे असे मी म्हणणार नाही, तिलाही पोट आहे. परंतु वही घेऊन एकदा परत जाणे तिला जमण्यासारखे आहे.

त्या मुलीला मी हेच सांगितले. तिने वहिनीला वही वाचून दाखवली, इंग्रजीची अहिराणी करीत. नवव्या चौकटीत होते: मूल चार मिनिटे रडत असता मातेने प्रतिसाद दिला नाही. वहिनी एकदम उसळली. ते झोपेचे रडे होते. उचलले असते तर पोर टक्क जागे झाले असते आणि दुपारभर कामाला हात लागू दिला नसता. प्रतिसाद दिला नाही म्हणजे काय? मी रडे ऐकत होते की! हिने नवव्या चौकटीखाली वहिनीचे बोलणे अहिराणीत जसेच्या तसे लिहिले. सातव्या चौकटीत, चुलीची हकीकत. अध्यापिकेने ते वाचून काय म्हटले ते तिने मला सांगितले नाही, आणि मीही गुण विचारले नाहीत.

यात एक माणूस तरीही वगळलेला राहतो, आणि त्याचे काय करावे ते मला उमगलेले नाही. वही आईला ऐकवता येते. दीड वर्षाच्या पोराला ती कोण ऐकवणार? अमेरिकेतले ते बाळ पुढे कोण झाले याचा शोध घेणाऱ्यांनी दोन निरनिराळी नावे पुढे केली आहेत. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तेथे उलटे झाले, पाहिलेले मूलच मोठे होऊन पाहणारे झाले, आणि उत्तर द्यायला आई उरली नव्हती. आम्हा लिहिणाऱ्यांचे बहुतेक लिखाण याच जातीचे असते, आणि आम्हाला तर कोणी संमतीपत्रही मागत नाही.

ती मुलगी आता नोकरीला आहे. वही तिने माहेरच्या पेटीत ठेवली आहे. परवा विचारत होती, पोरगा पहिलीत गेला आहे, वाचायला लागला आहे, रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत सुटतो. वही तेथेच राहू द्यावी काय. इंग्रजी त्याला अजून येत नाही. नवव्या चौकटीखालची अहिराणी मात्र तो लावून लावून वाचील.